कळफलकावरील आवाजाच्या कळा
(लिनक्स प्रणालीतील दोष-शोधनाचा एक पाठ)

प्रस्तावना

खेड्यातील प्राथमिक शाळेत संगणक आला म्हणजे त्याचा पहिला व सर्वांत मोठा उपयोग श्रवणासाठी होतो. कविता चालीवर ऐकविणे, इंग्रजी शब्दांचे उच्चार कानांवर घालणे, पक्ष्यांचे आवाज ओळखावयास लावणे, या गोष्टी एकट्या शिक्षकाच्या कंठाने पूर्णपणे साधत नाहीत. तेथे यंत्राचे साहाय्य मोलाचे ठरते. परंतु ज्या यंत्राचा आवाज शिक्षकाच्या स्वाधीन नाही, ते यंत्र वर्गात असूनही नसल्यासारखेच होय.

विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या पुढील आवृत्तीला टी.पी.एम. २.० या सुरक्षा-घटकाची व नव्या धर्तीच्या यंत्राची अपेक्षा असल्याने अनेक जुने, पण धडधाकट संगणक मागे पडले. अशा संगणकांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसविली तर ते आणखी काही वर्षे सहज उपयोगी पडतात. हा मार्ग नवखा नाही. लिनक्सचा गाभा लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. भारतात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली सिद्ध केली. आणि केरळ राज्यातील शाळांत मुक्त प्रणालीचा वापर दीर्घकाळ चालू आहे.

प्रणाली बसविल्यावर पडदा दिसतो, अक्षरे उमटतात, ध्वनीही ऐकू येतो; मात्र कळफलकावरील आवाज वाढविण्याच्या, कमी करण्याच्या व बंद करण्याच्या कळा काही वेळा दाद देत नाहीत. दोष लहान दिसतो, पण वर्गात त्याचे परिणाम लहान राहत नाहीत. कविता चालू असता मागील बाकावरील मुलास ऐकू येत नाही. शिक्षक वर्गाकडे पाठ करून पडद्याच्या कोपऱ्यातील बारीकसे चिन्ह शोधू लागतो, तोवर वर्गाचे लक्ष उडालेले असते. दोन-तीन वेळा असे घडले की ‘यंत्र बिघडले’ असा शेरा पडतो, तालुक्याच्या जाणकारास निरोप जातो, आणि तो येईपर्यंत यंत्र कपाटात बंद राहते. वस्तुतः बिघडलेले काहीच नसते. हा दोष शिक्षकाने स्वतः शोधावा व दूर करावा, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

कळ दाबल्यावर काय घडते?

आवाजाची कळ स्वतः आवाज वाढवीत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी धरावी. जुन्या रेडिओची चकती फिरविली की तिच्याशी जोडलेला विद्युत्-रोध प्रत्यक्ष बदलत असे. संगणकाची कळ केवळ एक निरोप धाडते. तो निरोप टपालाप्रमाणे हातोहाती पुढे जातो व शेवटच्या हाती पोचल्यावर काम होते. या प्रवासात चार ठाणी आहेत.

पहिले ठाणे म्हणजे कळफलक. कळ दाबताच तो एक सांकेतिक खूण पाठवितो.

दुसरे ठाणे म्हणजे प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात. निरनिराळ्या कारखान्यांच्या कळफलकांच्या खुणा निरनिराळ्या असतात. गाभा त्या सर्वांचे एका ठरीव क्रमांकात रूपांतर करतो. लिनक्समध्ये आवाज बंद करण्याच्या कळेचा क्रमांक ११३, कमी करण्याच्या कळेचा ११४ व वाढविण्याच्या कळेचा ११५ आहे.

तिसरे ठाणे म्हणजे डेस्कटॉप, अर्थात पडद्यावरील खिडक्या, पट्टी व चिन्हे सांभाळणारी व्यवस्था. क्रमांकाला येथे नाव मिळते, आणि ‘या नावाची कळ आली तर अमुक काम करावे’ अशी नोंद असल्यास ते काम सुरू होते.

चौथे ठाणे म्हणजे ध्वनिसेवक. पल्सऑडिओ किंवा त्याच्या जागी आलेला पाइपवायर हा कार्यक्रम ध्वनीची पातळी प्रत्यक्ष बदलतो व ध्वनी योग्य त्या ध्वनिक्षेपकाकडे धाडतो.

एक बारकावा येथेच सांगणे इष्ट. लिनक्सवरील ‘एक्स’ या जुन्या चित्रपटल-व्यवस्थेत कळांचे क्रमांक ८ पासून २५५ पर्यंतच असतात. म्हणून ती गाभ्याच्या प्रत्येक क्रमांकात ८ मिळविते. ११३, ११४, ११५ हे क्रमांक तेथे १२१, १२२, १२३ असे दिसतात. शिक्षकाने एके ठिकाणी ११५ व दुसऱ्या ठिकाणी १२३ पाहिले तर गोंधळून जाऊ नये. दोन्ही एकच कळ आहेत. हीच मर्यादा दुसऱ्या एका कळेला नडली. ध्वनिग्राहक बंद करण्याच्या कळेचा क्रमांक २४८. त्यात ८ मिळविले की २५६ होतात व ते २५५ च्या कुंपणाबाहेर जातात. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या कळेला एफ-२० या मोकळ्या कळेचा क्रमांक देऊन वाट काढण्यात आली.

शोधनाची रीत

टपाल पोचले नाही तर सर्व ठाण्यांवर एकदम आरोप करण्यात अर्थ नाही. निरोप कोठवर पोचला हे क्रमाने पाहावे. शेवटच्या ठाण्यापासून आरंभ करणे सर्वांत सोपे, कारण तेथे यंत्राची विशेष माहिती लागत नाही.

(१) ध्वनिसेवकाची परीक्षा. एखादी ध्वनिफीत चालू करावी. पडद्यावरील पट्टीवर ध्वनिक्षेपकाचे चिन्ह असते. त्यावर टिचकी देऊन सरकपट्टी माऊसने मागेपुढे करावी. आवाज बदलला तर चौथे ठाणे निर्दोष आहे व दोष अलीकडे आहे. आवाज बदलला नाही तर कळा निरपराध आहेत. अशा वेळी प्रथम ध्वनिक्षेपकाची तार, त्याचा वीजपुरवठा व त्यावरील बटण पाहावे. नंतर टर्मिनल नावाची आज्ञा-खिडकी उघडून तीत ‘अल्सामिक्सर’ ही आज्ञा द्यावी. उभे स्तंभ दिसू लागतात. स्तंभाच्या तळाशी ‘एमएम’ अशी अक्षरे असतील तर तो मार्ग बंद आहे. बाणाच्या कळांनी तेथे जाऊन ‘एम’ दाबले की तो खुला होतो. ध्वनीची एकाहून अधिक साधने असल्यास एफ-६ दाबून साधन निवडता येते.

येथे एक फसवा प्रकार आढळतो. कळ दाबताच पडद्यावर टक्केवारी हलते, परंतु ऐकू येणारा आवाज मात्र तसाच राहतो. संगणक एच.डी.एम.आय. तारेने दूरदर्शन-संचास किंवा प्रक्षेपकास जोडला असता हे विशेषेकरून घडते. ध्वनी एका मार्गाने जात असतो व कळ दुसऱ्या मार्गाची पातळी बदलीत असते. चारही ठाणी आपापले काम चोख करीत असतात, केवळ पत्ता चुकलेला असतो. ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये ‘आउटपुट’ या सदराखाली इष्ट साधन निवडावे म्हणजे दोष जातो.

(२) कळफलकाची परीक्षा. मांडीवरील संगणकात आवाजाच्या कळा बहुधा वरच्या एफ-१ ते एफ-१२ या ओळीतच दडलेल्या असतात. कळेवर ध्वनिक्षेपकाचे चित्र असले तरी ‘एफएन’ ही कळ सोबत दाबल्यावाचून ती आवाजाची कळ ठरत नाही, निदान काही यंत्रांत तरी असे असते. काहींत नेमके याच्या उलट असते. म्हणून दोन्ही प्रकारे दाबून पाहावे. अनेक यंत्रांत ‘एफएन’ व ‘एस्केप’ या कळा एकत्र दाबल्याने ही सोय आलटून-पालटून होते. इतरांत यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये तिची नोंद असते. कळफलक वेगळा असून त्यावर अशा कळाच नसतील, तर पुढे पाचव्या पायरीत सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या कळा नेमता येतात.

(३) गाभ्याची परीक्षा. टर्मिनलमध्ये एक्स, ई, व्ही ही तीन रोमन अक्षरे लहान लिपीत टंकित करून ‘एंटर’ दाबावे. एक लहान कोरी खिडकी उघडते. तिच्यावर माऊस ठेवून आवाज वाढविण्याची कळ दाबावी. टर्मिनलमध्ये उमटणाऱ्या ओळींत ‘कीकोड १२३’ व त्यापुढे ‘एक्सएफ८६ऑडिओरेझव्हॉल्यूम’ हे नाव दिसले, तर निरोप तिसऱ्या ठाण्याच्या दारापर्यंत सुखरूप आला आहे.

या परीक्षेत दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली अशी की, डेस्कटॉपने ती कळ आधीच आपल्या ताब्यात घेतली असेल तर कोऱ्या खिडकीस तिचे नाव कळत नाही. ‘फोकसआउट’ व ‘फोकसइन’ अशा नोंदी मात्र दिसतात. याचा अर्थ कळ मृत आहे असा नव्हे. ती कोणीतरी वाटेतच उचलली आहे, असा आहे. दुसरी गोष्ट अशी की, वेलँड या नव्या चित्रपटल-व्यवस्थेत याच कामासाठी ‘डब्ल्यू-ई-व्ही’ ही आज्ञा वापरावी लागते. दोन्ही व्यवस्थांत चालणारी ‘ईव्हीटेस्ट’ ही आज्ञा थेट गाभ्याचा क्रमांक दाखविते. मात्र तिला व्यवस्थापकाचा अधिकार लागतो, आणि तेथे १२३ च्या जागी ११५ दिसेल.

येथे काहीच दिसले नाही तर गाभ्याला त्या कळेची खूण ओळखता येत नाही, असे अनुमान करावे. ‘डीमेसेज’ (डी-एम-ई-एस-जी) या आज्ञेने उमटणाऱ्या नोंदींच्या शेवटी ‘अननोन की’ असा उल्लेख कित्येकदा सापडतो. अशी खूण व तिचा क्रमांक यांची जोड एका विशिष्ट नोंदवहीत लिहून द्यावी लागते. ते काम जाणकाराकरवी करून घ्यावे. परंतु ती नोंद शब्दशः उतरवून त्याच्या हाती द्यावी. ‘कळ चालत नाही’ या तक्रारीवरून त्याला काही बोध होत नाही. नोंदीची ती एक ओळ त्याचा अर्धा दिवस वाचविते.

(४) डेस्कटॉपची परीक्षा. अनुभव असा आहे की निरोप बहुधा याच ठाण्यावर अडतो. जुन्या संगणकांवर एक्स-एफ-सी-ई हा हलका डेस्कटॉप पुष्कळदा बसविला जातो. त्याचेच उदाहरण घेऊ. या डेस्कटॉपमध्ये आवाजाच्या कळा सांभाळण्याचे काम पट्टीवरील ध्वनिक्षेपकाच्या चिन्हाकडेच सोपविलेले असते. त्या चिन्हास ‘पल्सऑडिओ प्लगइन’ असे म्हणतात. कोणी मुलाने किंवा मोठ्याने पट्टीवरून ते चिन्ह काढून टाकले की त्याच क्षणी कळाही मुक्या होतात. चिन्ह ही केवळ शोभा नाही, तो त्या ठाण्याचा कारकून आहे. कारकुनाला घरी पाठविले तर टपाल कोण उघडणार?

उपाय सोपा आहे. पट्टीवर उजवी टिचकी द्यावी, ‘पॅनेल’मधून ‘ॲड न्यू आयटम्स’ निवडावे व यादीतून पल्सऑडिओ प्लगइन पट्टीवर आणावे. चिन्ह असूनही कळा चालत नसतील तर त्यावर उजवी टिचकी देऊन ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि कळफलकाने आवाज नियंत्रित करण्याच्या पर्यायापुढील चौकटीत खूण करावी. बहुसंख्य शाळांचे काम येथेच संपेल.

ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर सेटिंग्जमधील ‘कीबोर्ड’ या विभागात कळांच्या यादीतील ‘साउंड अँड मीडिया’ हे सदर पाहावे. सिनॅमन डेस्कटॉपमध्येही याच नावाचे सदर आहे. तेथे ‘व्हॉल्यूम अप’ या ओळीसमोर कळ नेमलेली नसेल तर त्या ओळीवर टिचकी देऊन इष्ट कळ दाबावी.

(५) स्वतः नोंद करणे. वरील सोय उपलब्ध नसल्यास, किंवा कळफलकावर आवाजाच्या कळाच नसल्यास, एक्स-एफ-सी-ईमध्ये सेटिंग्ज, कीबोर्ड, ‘ॲप्लिकेशन शॉर्टकट्स’ या क्रमाने जाऊन ‘ॲड’ दाबावे व पुढील आज्ञा लिहावी :

पॅक्टल सेट-सिंक-व्हॉल्यूम @डीफॉल्ट_सिंक@ +५%

ही आज्ञा रोमन लिपीत व इंग्रजी अंकांत टंकित करावयाची आहे. पहिला शब्द पी, ए, सी, टी, एल या अक्षरांचा आहे. ‘डीफॉल्ट_सिंक’ हे शब्द तेवढे मोठ्या लिपीत, मध्ये अधोरेषा देऊन व दोन्ही बाजूंस ‘ॲट’चे चिन्ह ठेवून लिहावेत, बाकी सर्व अक्षरे लहान लिपीत. ‘सिंक’ म्हणजे ध्वनी जेथे जाऊन पडतो ते साधन. आज्ञा लिहून झाल्यावर संगणक कळ विचारतो. त्या वेळी आवाज वाढविण्याची कळ दाबावी. ती कळ नसेल तर विंडो-चिन्हाची कळ व ‘पेज-अप’ अशी जोडी नेमता येते. कमी करण्यासाठी अधिक चिन्हाऐवजी उणे चिन्ह घालावे व ‘पेज-डाउन’ची जोडी द्यावी. आवाज बंद-चालू करण्यासाठी ‘सेट-सिंक-म्यूट’ असे लिहून शेवटी टक्केवारीच्या जागी ‘टॉगल’ हा शब्द ठेवावा. यंत्रात पाइपवायर असले तरी त्याची पल्सऑडिओशी जुळणारी सोय सामान्यतः सोबत असते. त्यामुळे याच आज्ञा चालतात.

चौथ्या व पाचव्या पायरीतील दोन्ही सोयी एकाच कळेवर ठेवू नयेत. एका कामावर दोन कारकून नेमले तर कोणता केव्हा टपाल उचलील याचा भरवसा राहत नाही.

टक्केवारीचा अर्थ

कळा चालू लागल्या म्हणजे त्यांचा विवेकाने उपयोग करणे उरते. पडद्यावरील ५०% म्हणजे अर्धा ध्वनी, अशी समजूत होणे साहजिक आहे. पण गणित वेगळे आहे. पल्सऑडिओमध्ये टक्केवारीचा घन केला जातो. ५०% वर ध्वनिलहरींचा विस्तार ०.५ × ०.५ × ०.५ म्हणजे ०.१२५, अर्थात पूर्ण विस्ताराच्या एक-अष्टमांश होतो. ही घट सुमारे १८ डेसिबलची आहे. कानाला ध्वनीतील बदल विस्ताराच्या सरळ प्रमाणात जाणवत नाही, म्हणून ही योजना केलेली आहे. त्यायोगे सरकपट्टीचा प्रत्येक टप्पा कानाला सारखासा वाटतो.

याच गणिताची दुसरी बाजू ध्यानात घ्यावी. वर सांगितलेली आज्ञा १००% वर थांबत नाही. कळ दाबत राहिल्यास ती पुढे जाते. १५०% वर विस्तार १.५ चा घन म्हणजे ३.३७५ पट होतो. मूळ लहर मोठी असेल तर तिचे शेंडे कापले जातात व आवाज फाटतो. गोंगाटात ‘श’ व ‘ष’, ‘ण’ व ‘न’ यांतील भेद प्रथम नष्ट होतो. आणि ज्या उच्चारासाठी यंत्र आणले, तोच ऐकू येत नाही. म्हणून १००% च्या वर जाऊ नये. एवढ्याने आवाज पुरत नसेल तर दोष टक्केवारीचा नसून ध्वनिक्षेपकाचा आहे. तो टेबलाच्या पायाशी न ठेवता मुलांच्या कानांच्या उंचीवर, वर्गाकडे तोंड करून ठेवावा, आणि मागील बाकांवरील मुलांस पुढे बोलावून अर्धवर्तुळात बसवावे. ज्या मुलास कमी ऐकू येते असा संशय असेल, त्याची जागा आधी ठरवावी.

वर्गपाठाचे टाचण

इयत्ता : सहावी व सातवी. वेळ : ३५ मिनिटे.

हेतू : मोठ्या कामाचे टप्पे पाडून दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे शोधण्याची सवय लावणे.

पूर्वज्ञान : शाळेतून पाठविलेले पत्र घरी कसे पोचते, हे मुलांस ठाऊक आहे.

कृती : चार मुले ओळीने उभी करावीत. पहिल्याने कळ दाबल्याचा अभिनय करून एक चित्र-खूण पुढे द्यावी. दुसऱ्याने ती पाहून पाटीवर ११५ लिहावे. तिसऱ्याने आपल्या यादीत ११५ समोर काय आहे ते वाचावे. चौथ्याने ‘वाढव’ हा शब्द ऐकताच वर्गाकडून कवितेची ओळ अधिक मोठ्याने म्हणवून घ्यावी. नंतर शिक्षकाने वर्गाच्या नकळत एका मुलास स्वस्थ राहण्याची खूण करावी. ओळ मोठ्याने म्हटली गेली नाही. निरोप कोठे अडला? इतर मुलांनी केवळ प्रश्न विचारून ते ठाणे ओळखावे. पुढील फेरीत तिसऱ्याच्या यादीतून ११५ ही नोंदच खोडावी. कोणीही आळस केला नाही, तरी काम झाले नाही, हे मुलांच्या ध्यानी येईल.

उपयोजन : हातपंपास पाणी येत नाही, सायकल चालत नाही, वर्गातील दिवा लागत नाही, या प्रत्येक प्रसंगी ठाणी कोणती व प्रथम कोणते पाहावे, हे मुलांनी वहीत लिहावे.

समारोप

दोष-शोधन ही यंत्रज्ञाचीच मिरास नव्हे. न समजलेल्या गणिताच्या पायऱ्या पाडून मूल कोठे अडले हे जो शिक्षक रोज पाहतो, त्याच्या अंगी ही विद्या आधीपासूनच आहे. ‘याला गणित येत नाही’ असा शेरा चांगला शिक्षक मारीत नाही. हातचा घेताना चूक होते की पाढ्यात, हे तो शोधतो. यंत्राविषयीही हाच न्याय लावावा.

शोधन पूर्ण झाल्यावर कोणत्या ठाण्यावर दोष होता व कोणता उपाय लागू पडला, याची दोन ओळींची नोंद संगणकाजवळील वहीत तारखेसह करावी. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकास ती वही यंत्राइतकीच उपयोगी पडेल.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. सरकपट्टीने आवाज बदलतो, पण कळेने बदलत नाही. कोणते ठाणे निश्चित निर्दोष ठरते?
२. कळेने टक्केवारी हलते, पण आवाज हलत नाही. प्रथम काय पाहावे?
३. ‘ईव्हीटेस्ट’मध्ये ११४ व कोऱ्या खिडकीत १२२ दिसले. या दोन क्रमांकांचा संबंध सांगा.
४. ८०% वर ध्वनिलहरींचा विस्तार पूर्ण विस्ताराच्या किती पट होईल?
५. आपल्या शाळेतील ‘बिघडले’ म्हणून कपाटात ठेवलेल्या एका साधनाची ठाणी पाडा व कोणत्या ठाण्याची परीक्षा अद्याप झालेली नाही ते लिहा.